असुरनगरीच्या आठ पेठा

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडच्या रस्त्यानें निघालें म्हणजे जेजुरीपर्यंत खंडोबाच्या भंडाऱ्याचें राज्य असतें. जेजुरी मागें पडली कीं मुलूख उघडा होतो. डोंगर हळूहळू दूर सरतात, बाभळी दिसूं लागतात, आणि सतराएक किलोमीटर गेल्यावर कऱ्हेच्या कांठीं, घरांच्या वर डोकें काढलेला एक दगडी तट नजरेस येतो. तटाच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत. नवख्या माणसास दुरून ही एखादी मशीद वाटते, नाहीं तर कुणा सरदाराची गढी. तें मोरगांवच्या मयूरेश्वराचें देऊळ आहे. तालुका बारामती, पुण्यापासून अंतर सुमारें ६५ किलोमीटर.

देवाला पन्नास फुटांचा तट कशासाठीं? इतिहासाचे अभ्यासक मुसलमानी अमदानींतील बांधणीच्या रीतीकडे बोट दाखवितात, आणि तें बरोबरच आहे. परंतु क्षेत्राचें माहात्म्य ऐकलेल्या माणसास दुसरेंहि एक उत्तर सुचतें. ही जागा पुराणांनीं रणांगण म्हणून नेमलेली आहे. देव येथें राहिला तो एका असुराची राजधानी मोडून.

अंधाऱ्या राजधान्यांचीं वर्णनें आजकाल घरांतल्या मुलांना परक्या कादंबऱ्यांतून आणि फोनवरच्या खेळांतून हवीं तेवढीं मिळतात. काळे बुरूज, धुरानें भरलेल्या गल्ल्या, प्रत्येक वस्तीचा निराळा राक्षस. आमच्या घरचीं मुलें त्या नगरांतल्या वाटा पुण्याच्या पेठांपेक्षां अधिक बिनचूक सांगतात. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. राक्षसांच्या गोष्टी आवडणें हें निरोगी बाळपणाचें लक्षण आहे. पण तशी एक नगरी आपल्याहि पुराणांत आहे, आणि तिच्या पेठांचा जणूं नकाशाच मोरगांवच्या देवळाभोंवतीं दगडांत मांडून ठेवलेला आहे. त्या नकाशावरून एकदां सावकाश हिंडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

मूळ राजधानीपासून आरंभ करूं. गणेशपुराण अनेक अभ्यासक साधारण इ. स. ११०० ते १४०० या काळांतलें मानतात. त्याच्या क्रीडाखंडांत सिंधु नांवाच्या असुराची कथा आहे. मिथिला देशीं गंडकी नगरींत चक्रपाणि राजा राज्य करीत होता. राणीचें नांव उग्रा. त्यांना मूल नव्हतें. शौनक ऋषींच्या सांगण्यावरून सूर्याचें व्रत झालें आणि राणीस दिवस गेले. पण त्या गर्भाचा दाह तिला सोसवेना, म्हणून तिनें तो समुद्रांत सोडून दिला. समुद्रानें तो सांभाळला आणि ब्राह्मणाच्या रूपानें येऊन मूल आईबापांच्या स्वाधीन केलें. समुद्रानें दिलेला म्हणून नांव सिंधु. वाढल्यावर त्यानें सूर्यालाच प्रसन्न करून अमृत मिळविलें. तें नाभींत आहे तोंवर त्याला मरण नाहीं.

येथून पुढें त्रैलोक्य जिंकणें, देवांची दाणादाण उडविणें हा पुराणांतला नेहमींचा क्रम आहे. परंतु सिंधूनें एक गोष्ट निराळी केली. हरलेल्या देवांना त्यानें रानोमाळ पिटाळून लावलें नाहीं. त्यांना गंडकींत आणून कोंडून ठेविलें. विष्णु त्याच्या पराक्रमावर प्रसन्न झाला, तेव्हां 'तूं माझ्याच नगरींत राहा' असा वर त्यानें मागून घेतला. असुरांची नगरी म्हणजे जेथें देव नाहींत ती, अशी आपली साधी समजूत असते. गंडकींत देव होते, अगदीं घरोब्यानें म्हणावें तसे होते. फक्त मोकळे नव्हते. काळोख्या नगरीचें याहून भेसूर वर्णन आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं, आणि त्यांत एकहि काळा बुरूज नाहीं.

या सिंधूच्या नाशासाठीं पार्वतीनें लेण्याद्रीवर बारा वर्षें तप केलें आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणेशाचा जन्म झाला. हा त्रेतायुगांतला अवतार: वर्ण शुभ्र, हात सहा, वाहन मोर. मोराची कथाहि अंधाराशींच बांधलेली आहे. खेळतां खेळतां बाल गणेशाच्या हातून आंब्याच्या झाडावरचें एक अंडें फुटलें आणि त्यांतून मोर निघाला. तें अंडें विनतेचें होतें. तिचे थोरले मुलगे नागांनीं पाताळांत डांबून ठेवलेले होते. 'माझीं मुलें सोडवून आण, हा मोर तुझा' असें तिनें सांगितलें, आणि गणेशानें नागलोकांत उतरून त्यांना सोडवून आणलें. भागवताच्या पांचव्या स्कंधांत त्या लोकांचें वर्णन आहे. तेथें सूर्याचा उजेड पोहोंचत नाहीं, म्हणून दिवस नाहीं आणि रात्रहि नाहीं. नागांच्या फण्यांवरील मण्यांचा जो प्रकाश पडेल तेवढाच. मोरगांवच्या मूर्तीच्या मस्तकावर नागाचा फणा आहे, तो पाहतांना हें वर्णन आम्हांस आठवल्याशिवाय राहात नाहीं.

मग युद्ध. पण युद्धापूर्वीं मयूरेशानें नंदीला वकील म्हणून गंडकीस पाठविलें: देवांना सोडून दे, भांडण मिटेल. सिंधूनें ऐकलें नाहीं. पुढें बाप चक्रपाणि बोलला, बायको दुर्गा बोलली, तरीहि ऐकलें नाहीं. धर्म आणि अधर्म या नांवाचे त्याचे दोन मुलगे रणांत पडले. सेनापति कमलासुर पडला. त्याचें डोकें ज्या ठिकाणीं पडलें तेथें आजचें देऊळ उभें आहे, असें क्षेत्रमाहात्म्य सांगतें. शेवटीं मयूरेशाचा परशु सिंधूच्या नाभीवर बसला, अमृत सांडलें, आणि सगळें आटोपलें. देवळांतल्या मूर्तीच्या डोळ्यांत हिरे आहेत तसाच नाभींतहि हिरा आहे. असुराचें मरण जेथें लपलेलें होतें तेथेंच देवाचें तेज बसविलेलें पाहून आम्हांस गंमत वाटली. मूर्ति घडविणाऱ्याच्या मनांत तसें होतें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं.

मिथिला उत्तरेस, गंडकी नदी नेपाळांतून बिहारांत उतरते, आणि सेनापतीचें डोकें पडतें कऱ्हेच्या कांठीं, हें कसें, असा प्रश्न शाळेंत भूगोल शिकलेला कोणीहि विचारील. पुराणाचा भूगोल सर्व्हेच्या नकाशावर ताडून पाहूं नये, एवढेंच उत्तर आम्ही देऊं. गांवांत याहूनहि गूढ गोष्टी सांगतात. ब्रह्मदेवानें स्थापिलेली मूळ मूर्ति सिंधूनें फोडली, ब्रह्मदेवानें ती पुन्हां स्थापिली. वाळू, लोखंड आणि हिरे यांच्या कणांची ती लहान मूर्ति पांडवांनीं तांब्याच्या पत्र्यानें झांकली, आणि आज आपण पाहतों तिच्या मागें ती अजून आहे, अशी श्रद्धा आहे. म्हणजे देवहि येथें थोडा अंधारांतच आहे.

आतां आठ पेठांकडे वळूं. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर यात्रेकरू सहसा प्रदक्षिणा झपाट्यानें उरकतात. आठ गणपति पुरे करावयाचे असतात, गाडीचा चालक घड्याळ दाखवीत असतो. परंतु सभामंडपाच्या बाहेरच्या अंगास गणपतीच्या तेवीस मूर्ति आहेत, आणि त्यांपैकीं आठ मूर्ति देवळाच्या आठ कोनांत आहेत. त्या मुद्गलपुराणांतल्या आठ अवतारांच्या होत: वक्रतुंड, एकदंत, महोदर, गजानन, लंबोदर, विकट, विघ्नराज आणि धूम्रवर्ण. नांवें आपल्या तोंडांत असतात. संकष्टीच्या दिवशीं आपण तीं भराभर म्हणून टाकतों. प्रत्येक नांवासमोर एक असुर उभा आहे हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. मत्सर, मद, मोह, लोभ, क्रोध, काम, मम आणि अहंकार हे ते आठ. मुद्गलपुराणाचे नऊ खंड आहेत. त्यांतले आठ या आठ सामन्यांना वाहिलेले आहेत.

नांवें वाचून कोणी म्हणेल, हें तर रूपक आहे. मनाचे विकार आणि त्यांवर विजय, झालें. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटे. पण रूपक म्हटल्यानें कथा बाजूस ठेवण्याची सोय होते, आणि पुराणकारानें ती सोय आपणांस ठेवलेली नाहीं. त्यानें प्रत्येक असुराला घर दिलें आहे, बायको दिली आहे, सासरा दिला आहे, मुलें दिलीं आहेत, कित्येकांना राहण्याचें गांवहि दिलें आहे. कथेंत हीं राज्यें निरनिराळीं आहेत. तीं एकाच नगरीच्या पेठा मानणें ही आमची सोय. मात्र त्यांतले नातेसंबंध इतके दाट आहेत कीं तसें मानण्यास फारशी अडचण पडत नाहीं.

क्रोधासुर राहतो आवेशपुरींत. त्याची बायको प्रीति, मुलें हर्ष आणि शोक. रागाच्या घरीं प्रेम नांदतें आहे, आणि त्यांच्या पोटीं एक आनंद आणि एक दुःख, असा संसार ज्यानें लिहिला त्यानें एकत्र कुटुंब आंतून पाहिलेलें असलें पाहिजे. अहंकारासुराच्या नगराचें नांव विषयप्रिय. बायको ममता, मुलें गर्व आणि श्रेष्ठ. मदासुराची बायको सालसा. त्याचे मुलगे विलासी, लोलुप आणि धनप्रिय. मोहासुराची बायको मदिरा. आतां गंमत अशी कीं सालसा, मदिरा आणि ममता या तिघी बहिणी, एकाच बापाच्या मुली. आणि बापाचें नांव प्रमादासुर. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफिली. मद, मोह आणि अहंकार हे तिघे साडू झाले ते या गृहस्थामुळें. तो स्वतः कोठें लढत नाहीं, कोणतें राज्य जिंकीत नाहीं, आठ असुरांच्या यादींतहि त्याचें नांव नाहीं. नुसत्या मुली देऊन मोकळा झाला आहे. साऱ्या नगरींत आम्हांस सर्वांत धोक्याचा रहिवासी तोच वाटतो.

या वस्तीचे कारभारी दोघे. शुक्राचार्य मंत्र देतात, राज्याभिषेक करतात. शंबरासुर विद्या शिकवितो, नगर उभारून देतो, प्रसंगीं जांवईहि करून घेतो. पश्चिमेकडील कवींनींहि अशा नगऱ्या रचल्या आहेत. मिल्टनचें महाकाव्य १६६७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत स्वर्गांतून पडलेल्या देवदूतांची राजधानी आहे, आणि ती बांधणारा कारागीर पूर्वीं स्वर्गांतच उंच प्रासाद उभारीत असे. त्याच्या तीनशें वर्षांहून अधिक आधीं इटलींतल्या दान्तेनें नरकांत एक तटबंद शहर वर्णिलें. त्याचे तट जणूं लोखंडाचे. त्या दोघांच्या प्रतिभेपुढें आमच्या पुराणकाराची भाषा साधी आहे हें मान्य केलें पाहिजे. पण दान्तेच्या नगरींत शिरलेल्या जिवाचा मुक्काम कायमचा असतो. आमच्या आठ पेठांची तऱ्हा निराळी आहे. ती कळण्यासाठीं तेथील लोक आले कोठून हें आधीं पाहावें लागतें.

ते आले देवांच्या घरांतून. मत्सर जन्मला इंद्राच्या प्रमादांतून. मद हा च्यवन ऋषींनीं निर्माण केलेला. म्हणून तो शुक्राचार्यांकडे जाऊन 'मी तुमच्या भावाचा मुलगा' असें नातें सांगतो. कुबेर कैलासास गेला असतां पार्वतीकडे टक लावून पाहूं लागला, ती रागावली, त्या भ्यालेल्या कुबेरापासून लोभ झाला. क्रोधाच्या जन्माशीं शंकराचा संबंध, कामाच्या जन्माशीं विष्णूचा. आणि सूर्याला एकदां अधिकाराचा गर्व झाला, तेवढ्यांत त्याला शिंक आली, त्या शिंकेंतून निघाला अहंकार.

ही शेवटची हकीकत त्या कोनापाशीं उभें राहून आम्ही घरच्या मुलांना सांगत होतों. आमची धाकटी पुतणी नुकतीच सर्दींतून उठलेली. तिनें घाबरून विचारलें, "काका, शिंकेंतून खरेंच राक्षस निघतो?" आम्ही म्हटलें, "सूर्याच्या शिंकेंतून." त्यावर तिनें विचार करून सांगितलें कीं सूर्याला शिंक येईल तर सगळ्या जगाला दिसेल, त्यांत लपवण्यासारखें कांहींच नाहीं. आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

एक शिंक, एक नजर, एक गाफील क्षण. या नगरींतला एकहि रहिवासी परका नाहीं. समुद्रापलीकडून, डोंगरापलीकडून कोणी चाल करून आलें नाहीं. ज्यांच्यावर पुढें संकट आलें त्यांच्याच हातून, त्यांच्याच घरीं, बहुधा त्यांना न कळत हीं मुलें झालीं. परक्या कादंबऱ्यांतले राक्षस कितीहि भयंकर असले तरी ते बाहेरचे असतात, म्हणून रात्रीं दिवा मालवून निजतां येतें.

विकटाच्या कोनापाशीं जरा अधिक थांबावें, कारण त्या कथेंत मोरगांव स्वतः आहे. कामासुराची बायको तृष्णा, महिषासुराची मुलगी. त्याची राजधानी रतिद. त्यानें देवांना हैराण केलें, तेव्हां मुद्गल ऋषींनीं त्यांना मयूरेशक्षेत्रीं जाऊन तप करण्यास सांगितलें, आणि मोरावर बसलेला विकट प्रकट झाला, असें पुराण सांगतें. आतां याच क्षेत्राची चार द्वारें सांगितलेलीं आहेत. पूर्वेस बल्लाळविनायक, त्याच्याजवळ राम आणि सीता, पुरुषार्थ धर्म. दक्षिणेस विघ्नेश, जवळ शिवपार्वती, पुरुषार्थ अर्थ. उत्तरेस महागणपति, जवळ वराह आणि मही, पुरुषार्थ मोक्ष. आणि पश्चिमेस चिंतामणि, त्याच्याजवळ रति आणि कामदेव, पुरुषार्थ काम. म्हणजे असुरांच्या नगरींत ज्याची एक सबंध पेठ आहे, त्याचाच देवाच्या क्षेत्रांत एक दरवाजा आहे, आणि तेथें त्याची पूजा होते. कामासुराची राजधानी रतिद, चिंतामणीजवळ उभी रति. शब्दहि जवळजवळ तोच. आम्हीं हें प्रथम लक्षांत घेतलें तेव्हां आमच्यांतील एका कर्मठ गृहस्थांस तें रुचलें नाहीं. परंतु द्वारावर त्याला जागा दिली म्हणूनच त्याची पेठ होण्याचें कारण उरत नाहीं, असा अर्थ आम्ही लावतों. ज्याला दुसरा लागत असेल त्यानें तो लावावा.

सर्वांत कठीण पेठ ममासुराची. लग्नानंतर पार्वती एकदां मैत्रिणींबरोबर हंसत बसली होती. त्या हंसण्यांतून एक धिप्पाड पुरुष निघाला. तिनें त्याला जवळ घेतलें, 'मम' असें नांव दिलें आणि गणेशाचा मंत्र देऊन तपास पाठविलें. त्याच्या जन्मांत राग नाहीं, वासना नाहीं, गाफिलीसुद्धां नाहीं. सुखी बाईचें मोकळें हंसणें आहे. आईनें तर त्याला चांगलेंच सांगून पाठविलें होतें. वाटेंत शंबरासुर भेटला, त्यानें आसुरी विद्या शिकविली, आणि पुढें हा देवांना बंदींत टाकणारा झाला. 'माझें' हा शब्द प्रथम पार्वतीनें उच्चारला तेव्हां त्यांत नुसती माया होती.

आम्ही मोरगांवास गेलों त्या वर्षीं आमच्या घरीं वाड्याच्या वांटण्यांचें बोलणें चालू होतें. खोल्या, परसू, विहीर यांचें ठरलें होतें. अडलें होतें पणजोबांच्या पोथ्यांच्या पेटीवर. दोन भावांना ती हवी होती. दोघांचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. पेटींत गणेशपुराण आहे असें सगळे जाणत, आणि कित्येक वर्षांत तिचें झांकण कोणी उघडलेलें नव्हतें. विघ्नराजाच्या कोनापाशीं ममासुराची ही गोष्ट चालली असतां थोरल्या वहिनी मागें उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्याला मारला कसा?" आम्हीं सांगितलें कीं मारलाच नाहीं. विघ्नराज शेषावर बसून आला, हातांतलें कमळ त्यानें असुरसैन्याच्या मधोमध टाकलें. त्याच्या वासानें सारें सैन्य मूर्च्छित पडलें आणि ममासुर शरण आला. वहिनी थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "पेटी कुणाकडेहि जाऊं दे. पण आधीं एकदां सगळ्यांनीं बसून ती वाचून काढूं या. एवढा एक चातुर्मास तरी ती कुणाचीच नको."

पेटीचें पुढें काय झालें तो आमच्या घरचा प्रश्न आहे. सांगावयाचें तें हें कीं या आठांपैकीं कोणीहि सिंधूसारखा संपलेला नाहीं. लोभासुरापाशीं तर लढाईचीच वेळ आली नाहीं; शंकर निरोप घेऊन गेला, शुक्राचार्यांनीं समजावलें, आणि तो शरण आला. मोहासुराचेंहि तसेंच, त्याच्याकडे विष्णु गेला होता. ज्यांच्याशीं युद्ध झालें त्यांचीं मुलें, सैन्यें पडलीं. ते स्वतः शेवटीं हात जोडून उभे राहिले. आणि देवानें त्यांना राहण्यासाठीं जागा नेमून दिली. धूम्रवर्णानें अहंकारासुरास सांगितलें तें असें: ज्या ठिकाणीं कार्याच्या आरंभीं माझें पूजन होत नाहीं तेथें तूं जाऊन राहा. हा शाप नाहीं आणि उःशापहि नाहीं; नगरपालिकेचा ठराव म्हणावा असा तो आहे. वस्ती उठवली नाहीं. हद्द आंखून दिली. आपण लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, वहीपूजनाच्या वहीवर 'श्रीगणेशाय नमः' लिहितों, तेव्हां ती हद्द पुन्हां एकदां आंखतों. त्या अक्षरांचा एवढा अर्थ आम्हांस लहानपणीं कोणी सांगितला असता तर आम्हीं तीं अधिक सुवाच्य काढलीं असतीं.

ज्यांना जावयाचें असेल त्यांच्यासाठीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. भाद्रपदांत आणि माघांत चिंचवडहून मोरया गोसावींच्या परंपरेची पालखी येथें येते. त्या दिवसांत गर्दी फार. मूर्ति नीट पाहावयाच्या असतील तर चतुर्थी टाळून, सकाळच्या प्रहरीं जावें. आधीं नग्नभैरवाचें दर्शन घ्यावें अशी रीत आहे, ती मोडूं नये. मुद्गलपुराणांतले आठ अवतार आधीं कागदावर लिहून न्यावे, म्हणजे मुलांना प्रत्येक कोनापाशीं उभें करून असुर ओळखावयास लावतां येतें. हा खेळ फोनवरच्या खेळापेक्षां कमी रंगत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. तट फार उंच असल्यामुळें सांवली लवकर येते. मध्यान्ह टळली म्हणजे एका बाजूच्या मूर्ति काळोख्या दिसूं लागतात आणि समोरच्या उन्हांत असतात. त्या वेळीं आठहि पेठांत एकदम हिंडल्यासारखें वाटतें.

बाहेर पडतांना दारासमोर दगडी उंदीर आहे आणि मोठा थोरला नंदी आहे. गणपतीच्या देवळापुढें नंदी कसा, याचें गांवांतलें उत्तर असें कीं एका शिवमंदिरासाठीं तो गाड्यावरून नेत होते, गाडा येथें मोडला, आणि नंदी मग जागचा हलला नाहीं. उत्तर चांगलें आहे. पण गणेशपुराण वाचलेल्याला तो तेथें असण्याचें नवल वाटत नाहीं. लढाई पेटण्यापूर्वीं निरोप घेऊन गंडकी नगरींत शिरला आणि सिंधूला तोंडावर सांगून परत आला तो हाच. आमच्या पुतणीनें टांचा उंचावून त्याच्या कानाशीं तोंड नेलें आणि बराच वेळ कांहीं विचारलें. काय विचारलें म्हणून आम्हीं गाडींत बसल्यावर चौकशी केली, तर ती म्हणाली, "त्या गांवांत रात्रीं दिवे लावत होते का, तेवढेंच."